भिंत मालकाची, खिळा आपला

'घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून' ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्याकडे नीट बघायचं राहूनच जातं. या दोन गोष्टी एका दमात का सांगितल्या असतील? दोन्ही खर्चिक, दोन्हीत अंदाजपत्रक कोलमडतं आणि दोन्हीत नातेवाईक सल्ले देतात, म्हणून, असं आपण समजतो. माझा संशय वेगळा आहे. म्हण रचणाऱ्याने आधी लग्न केलं असणार आणि मग जोडीने घराचं काम काढलं असणार. त्याशिवाय असा सूर लागत नाही.

तुम्ही दुबई, शारजा किंवा अबुधाबीत राहत असाल तर म्हणाल, आम्ही कुठे घर बांधतोय? आम्ही तर भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खरं आहे. पण गेल्या वर्षभरात तुमच्या घरी काय काय झालं ते आठवून बघा. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांसाठी एक जादा फळी लागली असेल. टीव्ही टेबलावरून भिंतीवर चढला असेल. बाल्कनीत प्लास्टिकचं गवत अंथरून झालं असेल. आणि देवघर? देवाचं तोंड कुठल्या दिशेला हवं हे ठरवण्यासाठी मोबाइलवर होकायंत्र उघडलं गेलं असेल. मग लक्षात आलं असेल की ईशान्य कोपऱ्यात बिल्डरने एसीचा डक्ट नेलाय आणि पूर्वेला छतापासून जमिनीपर्यंत काच आहे. यातलं प्रत्येक काम दोघांनी मिळून केलं असेल, आणि प्रत्येक कामात एकदा तरी घरात असा अबोला पसरला असेल की फ्रिजचा आवाज स्पष्ट ऐकू यावा.

या अबोल्यामागे एक प्रश्न आहे आणि तो दिसतो तितका किरकोळ नाही. जे घर आपलं नाही आणि होणारही नाही, ते सुधारण्यासाठी दोन माणसांनी एकमेकांचा जीव का खावा? आणि खायचाच, तर त्यात कोणाचं म्हणणं चालावं?

आधी घर कुणाचं ते पाहू. दुबईत मालक आणि भाडेकरू यांचं नातं 2007 चा कायदा क्रमांक 26 ठरवतो. मालकाच्या परवानगीशिवाय घरात बदल करायचे नाहीत. सोडताना घर जसं मिळालं तसं परत द्यायचं; वापराने होणारी नेहमीची झीज तेवढी माफ. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर भाडेकरूने केलेल्या पक्क्या सुधारणा जाताना उचकटून नेता येत नाहीत. म्हणजे आपण वाईट केलं तर भरपाई आपली आणि चांगलं केलं तर ते मालकाचं. निष्काम कर्मयोग इतक्या कोरड्या भाषेत क्वचितच कुणी लिहिला असेल. त्यावर डिपॉझिटची टांगती तलवार. रिकाम्या घराला साधारण वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के आणि सामानासकट घराला 10 टक्के घेण्याची पद्धत आहे. 60,000 दिरहम भाड्याच्या घरात भिंतीवर ड्रिल टेकवताना 3,000 दिरहम डोळ्यांपुढे नाचतात.

या तलवारीखाली माणसांच्या दोन जाती तयार होतात: चिकटवणारे आणि भोक पाडणारे. चिकटवणाऱ्यांचा दुतर्फी टेपवर आणि पाकिटावर छापलेल्या '5 किलोपर्यंत' या वचनावर गाढ विश्वास असतो. भोक पाडणाऱ्यांचा फक्त ड्रिल, गिट्टी आणि स्क्रू यांवर. एका जातीच्या माणसाचं लग्न हमखास दुसऱ्या जातीत होतं. पत्रिका बघणाऱ्यांनी छत्तीस गुणांत हा सदतिसावा धरायला हवा होता. मग ऑगस्टमधल्या एखाद्या दमट रात्री तीन वाजता चिकटवलेला हुक भिंत सोडतो आणि काचेच्या फ्रेममधल्या सासू-सासऱ्यांसह खाली येतो. अंधारात एकच जण जागा होतो. दुसरा आधीपासूनच जागा असतो, वाट बघत.

भोक पाडायचं ठरलं तरी सुटका नसते. मोजमापात दोन भाषा बोलल्या जातात. एकाला सेंटिमीटर समजतात. दुसऱ्याच्या कानात अजून गावच्या सुताराचे शब्द असतात, त्यामुळे तो 'एक सूत खाली घे' म्हणतो. 'थोडं डावीकडे' या सूचनेवर 'तुझ्या डावीकडे की माझ्या?' हा प्रतिप्रश्न येतो, आणि दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे असल्यामुळे तो पूर्णपणे अनावश्यक असतो. शिडी धरणारी व्यक्ती काहीच काम करत नाही असं शिडीवरच्या व्यक्तीला वाटतं. आपण नसतो तर हा खाली आला असता, असं शिडी धरणारीला वाटतं. दोघांचंही बरोबर असतं.

इकियाच्या फर्निचरसोबत येणारी पत्रिका तुम्ही पाहिली असेलच. तिच्यात शब्द नसतात, चित्रं असतात. सुरुवातीलाच एक एकटा माणूस सामानाशेजारी उदास उभा असतो आणि त्याच्यावर काट मारलेली असते. शेजारच्या चित्रात दोघं असतात आणि दोघंही हसत असतात. स्वीडिश लोकांच्या आशावादाला मी मनापासून मानते. पण बाराव्या पायरीवर, मागची फळी उलटी लागली आहे हे कळतं त्या क्षणी, या दोघांचं चित्र त्यांनी कधी काढलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास कशाला? इथे माणूस बोलावता येतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींची गोष्ट निराळी. तिकडे मजुरी परवडत नाही म्हणून माणसं स्वतः रंगकाम शिकतात. इथे नातूरला सांगितलं की अर्ध्या तासात ड्रिल मशीनसकट कुणीतरी दारात हजर. शिवाय आपल्याकडे हे काम घरधन्याने करायची रीतही नव्हती. सुतार, लोहार, कुंभार असे बलुतेदार गावात होते. ज्याच्या त्याच्या जातीला ज्याचं त्याचं काम वाटून दिलेलं होतं आणि हाताने काम न करणं हीच अनेक घरांत प्रतिष्ठा होती. पांढरपेशा घरातल्या मुलाला खिळा सरळ ठोकता आला नाही, तर त्याचं कौतुकच व्हायचं. तोच मुलगा चाळिशीत शारजात हातोडी घेऊन उभा राहतो, तेव्हा तो फळी लावत असतो आणि शिवाय थोडं वारशाने आलेलं ओझंही उतरवत असतो. त्याचा खिळा वाकडा जातो यात नवल नाही.

स्वतः केलेल्या कामाची माया वेगळी असते, हे मोजूनही झालं आहे. हार्वर्डचे मायकेल नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काहींना इकियाचा साधा खोका स्वतः जोडायला दिला आणि काहींना जोडलेलाच दाखवला. जोडणाऱ्यांनी त्याच खोक्याला 63 टक्के जास्त किंमत देऊ केली. पण जोडकाम अर्धवट राहिलं, किंवा जोडून झाल्यावर ते मोडायला लावलं, की ही माया दिसेना. आखाती संसारापाशी मात्र हा निष्कर्ष अडखळतो. आपण तर दर दोन-तीन वर्षांनी भाडं वाढलं म्हणून, किंवा मालकाला घर विकायचंय अशी 12 महिन्यांची नोटीस आली म्हणून, तेच कपाट मोडतो आणि नव्या घरात पुन्हा जोडतो. चौथ्या जोडणीत आठातले सहाच स्क्रू उरलेले असतात. दार लागत नाही, कागदाची घडी घालून लावावं लागतं. तरीही ते कपाट टाकून द्यायचा विषय निघाला की घरात कुणीतरी दुखावतं. प्रयोगशाळेतल्या माणसांना फक्त खोका जोडायचा होता. या कपाटात मुलीचे बालवाडीपासून दहावीपर्यंतचे गणवेश राहून गेलेले असतात.

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने 1689 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मालकीचं मूळ श्रमात शोधलं. कुणाचंही नसलेल्या वस्तूत माणसाने आपले श्रम मिसळले की ती त्याची होते, असा त्याचा युक्तिवाद. भाड्याचं घर आधीपासून कुणाचं तरी असतं, त्यामुळे लॉक आपल्या मदतीला येत नाही. कितीही घाम मिसळला तरी करार संपला की भिंत मालकाची. मग श्रमातून इथे तयार काय होतं? माझं उत्तर असं, की इथे वस्तूवर हक्क तयार होत नाही, दोघांमधला करार तयार होतो. आणि भांडण फळीवरून होतच नसतं. ते या करारातल्या एका न लिहिलेल्या कलमावरून होतं: आपण इथे किती वर्षं राहणार आहोत?

जरा आठवून बघा. 'चिकटव ना, कशाला भोक' असं जे म्हणतं, ते मनात काय म्हणत असतं? की आपल्याला जायचंय. दोन वर्षांत, फार तर तीन. आणि 'नीट पक्कं बसव' म्हणणारं माणूस म्हणत असतं, की आपण इथे राहतोय, आजच, रोज. दोघांनी ही गोष्ट कधी समोरासमोर बोललेली नसते. 'अजून दोन वर्षं' हे वाक्य मात्र घरात पंधरा वर्षं मुक्कामाला असतं. मुलाची शाळा होऊ दे, गावच्या फ्लॅटचं कर्ज फिटू दे, आईचं ऑपरेशन होऊ दे. प्रत्येक वेळी खरंच दोन वर्षं असतात.

याच्या उलट चित्र मुंबईत होतं. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या छत्राखाली पागडीच्या खोल्यांत राहणाऱ्यांनाही भिंत मालकाचीच होती. पण हलायचं नाही हे ठाऊक होतं. त्यामुळे दहा बाय बाराच्या खोलीत पोटमाळा चढला, मोरीला फरशी लागली, भिंतीत तीन पिढ्यांच्या फोटोंचे खिळे गेले. पैसा कमी होता आणि खात्री पुष्कळ होती. आपल्याकडे पैसा बरा आहे आणि खात्री करारनाम्याच्या तारखेपर्यंत आहे. इजारीवर नोंदलेलं एक वर्ष, मग पुढचं एक वर्ष.

आणि आपला हक्काचा पोटमाळा? तो पुण्यात, ठाण्यात किंवा नाशकात आहे. तिथे मॉड्युलर किचन आहे, पण चहा होत नाही. सोफ्यावर चादरी टाकलेल्या आहेत. महिन्यातून एकदा शेजारचे काका येऊन नळ सोडतात, पाइप गंजू नयेत म्हणून. ज्या घरात आपण वर्षाला अठरा दिवस राहतो ते सजवलेलं आहे, आणि ज्यात तीनशे सत्तेचाळीस दिवस जगतो तिथे मिक्सर प्लास्टिकच्या स्टुलावर आहे, 'तात्पुरता'. यात बचतीचा शहाणपणा आहे, हे मला मान्य आहे. पण रोजच्या जगण्याला वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत ठेवण्यात एक अन्यायही आहे, आणि तो बहुतेक वेळा घरातल्या एकाच माणसावर होतो. ज्याचा दिवस त्या स्टुलापाशी जातो त्याच्यावर.

म्हणून कोणाचं म्हणणं चालावं, या प्रश्नाकडे परत येऊ. इथे करारनामा सहसा एकाच्या नावाचा, चेकवर सही एकाची आणि कुटुंबाचा व्हिसाही एकाच्या नोकरीला बांधलेला. न बोलता असं गृहीत धरलं जातं की शेवटचा शब्दही त्याचा किंवा तिचा. मला हे पटत नाही. कागदावर नाव असलेल्याला मालकासमोर जबाबदार राहावं लागतं, एवढंच त्यातून निघतं. फळी कुठल्या उंचीवर हवी हे तिच्यापर्यंत रोज ज्याचा हात जाणार आहे त्याने ठरवावं. पाच फूट अकरा इंचाच्या नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांच्या रेषेत लावलेली आणि पाच फूट एक इंचाच्या बायकोने रोज टाचा उंच करून वापरलेली फळी तुम्हीही पाहिली असेल. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा अगदी मध्यावर असूनही ती फळी तिरकीच म्हणायची.

लग्नात आपण 'नातिचरामि' म्हणतो. धर्म, अर्थ आणि काम या तिन्हींत हिला ओलांडून जाणार नाही, असं ते वचन. त्यात घरातल्या ड्रिलचा उल्लेख नाही. पण ओलांडणं बहुतेक मोठ्या गोष्टींत होतच नाही. ते 'तू राहू दे, मी करतो' यात होतं, आणि 'तुला विचारलं असतं तर कामच झालं नसतं' यातही. काम संपल्यावर भुसा, पुट्टीचे डाग आणि हरवलेलं एल आकाराचं पान्हं शोधण्याची कामं न सांगता एकाच्याच वाट्याला जातात, तिथेही होतं. फोटोत फळी येते. केर काढणारं माणूस येत नाही.

आणि या सगळ्यात आणखी एक माणूस आहे. 'उद्या माणूस येतोय' या वाक्यातला. मराठीत आपण त्याला नुसतं माणूस म्हणतो. नाव लागत नाही. दोघांचं भांडण विकोपाला गेलं की आपण त्याला बोलावतो. तो येतो, तीन मिनिटांत चार भोकं पाडतो आणि आपल्या दोन शनिवारांच्या महाभारतावर पडदा टाकतो. लॉकनेच लिहिलं होतं, की माझ्या नोकराने कापलेली मातीची ढेपही माझीच मालमत्ता. तीनशेहून अधिक वर्षं झाली, आपण ते वाक्य फारसं न अडखळता जगतो आहोत.

त्याला एकदा विचारा, तुझं घर कुठं? सियालकोट म्हणेल, सिल्हेट म्हणेल, मलप्पुरम म्हणेल. बहुधा तिथे काहीतरी बांधकाम चालू असतं. खिडकी कुठे काढायची ते तिकडे बायको ठरवते आणि हा फोनवर बघतो. बायको-मुलांना इथे व्हिसावर आणायचं तर महिन्याला 4,000 दिरहम पगार हवा, किंवा 3,000 आणि राहायला जागा. शिडी धरणारं आपलं माणूस जवळ असणं, त्याच्याशी 'तुझं डावं की माझं' यावर वाद घालता येणं, याला या देशात एक ठरलेली किंमत आहे आणि ती आपल्याला परवडली, एवढाच आपल्यात आणि त्याच्यात फरक.

हे आपल्यालाही नवं नाही. 1973 नंतर तेलाचा पैसा वाढला तशी रत्नागिरी-रायगडातली कितीतरी माणसं कुवेत, मस्कत, दुबईला आली, एकटीच. खेड, चिपळूण, म्हसळ्याकडे त्या पैशांतून जांभ्याच्या चिऱ्यांची घरं उभी राहिली. चिरे मोजून घेणारी, गवंड्याशी हुज्जत घालणारी, जिना आत घ्यायचा की बाहेर ते एकटीने ठरवणारी होती ती घरातली बाई. नवरा पत्रातून मत कळवायचा. ते पोहोचेपर्यंत भिंत छातीपर्यंत आलेली असायची. रजेवर आला की तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा विचारायचा, दिव्याचं बटण कुठे आहे? त्या घरांत बांधताना भांडणं झाली नाहीत. मला तरी ते सुखाचं लक्षण वाटत नाही.

तेव्हा जोडीने काम करताना होणारी कटकट ही सोबतीची किंमत आहे असं मी म्हणेन, पण म्हणून ती गोड मानून घ्या असं म्हणणार नाही. काही कटकट उगाच असते आणि ती टाळता येते. ड्रिल लावण्याआधी दोघांनी बसून वर्षांचा आकडा एकमेकांना खरा सांगावा. तो जुळला नाही तरी चालेल, पण फळीच्या आडून सांगू नये. आकडा 'माहीत नाही' असा असेल तर पक्कंच बसवावं, कारण अनिश्चित काळासाठी टाचा उंच करत राहणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये. हुक पडल्यावर 'मी म्हटलं होतं' हे वाक्य गिळता आलं तर उत्तमच. आणि माणूस बोलावलाच, तर चहा देताना त्याला नाव विचारावं.

भोकांची फार काळजी करू नका. घर सोडताना पुट्टीचा एक छोटा डबा आणि संध्याकाळचा तासभर पुरतो. तेही काम दोघांनीच करायचं असतं, रिकाम्या घरात, आवाज घुमत असताना. 'हे कशाचं गं होतं?' 'पहिल्या वर्षी तुझ्या आईने पाठवलेलं तोरण.' 'आणि हे?' 'हे चुकलेलं.' तुम्हाला आठवेल, चुकलेली भोकं बुजवायला सगळ्यात जास्त पुट्टी लागते.

येत्या शनिवारी तुमच्याकडे कुठलं काम निघालंय मला माहीत नाही. शिडी कुणी धरायची ते तेवढं आधी ठरवून घ्या.